वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, दुसरे इंजिन आणि वाटेत हरवणारा करंट

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. घरातली पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर मोडीत काढायला मन धजत नाही, मूळ इंजिन बोअर करून करून शेवटच्या मापापर्यंत आलेले असते, म्हणून दुसऱ्या गाडीचे धडधाकट इंजिन आणून बसवले जाते. आणि माउंटिंग, गिअरबॉक्स, सायलेन्सर ही सगळी अवजड कामे पार पडल्यावर गाडी अडून बसते ती चार बारीक वायरींपाशी. हे दुखणे बरे होण्याजोगे असते, परंतु सुटे भाग बदलत राहून ते बरे होत नाही. करंट कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो हे मोजावेच लागते. त्यामुळे या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचे मूळ १०८९ सीसीचे इंजिन फार तेल जाळू लागल्याने मी प्रीमियर ११८ एनईचे इंजिन बसवून घेतले. सेल्फ जोमाने फिरतो, पण तो फिरत असेपर्यंत इंजिन पेट घेत नाही. किल्ली सोडताक्षणी मात्र ते एकदा धडधडते, कधी चालू राहते, कधी बंद पडते. चालू राहिले तर वीस मिनिटांत कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते. तीन आठवड्यांत दोन कंडेन्सर आणि दोन पॉइंट सेट बदलून झाले. इलेक्ट्रिशियन किल्लीचा स्विच बदला म्हणतात, फिटर टायमिंगवर बोट ठेवतात. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ‘किल्ली सोडताक्षणी’ हे आपण नेमके टिपले आहे आणि निम्मे निदान त्या दोन शब्दांतच आहे. टायमिंग चुकलेले असते, तर किल्ली कोणत्या जागी आहे यावर इंजिनाचे पेट घेणे अवलंबून राहिले नसते. माझ्या मते आपल्या गाडीत एकमेकांशी संबंध नसलेले दोन दोष एकाच वेळी शिरले आहेत, आणि पद्मिनीची जुनी वायरिंग नव्या इंजिनाला जिथे येऊन मिळते तिथेच ते दोन्ही बसलेले आहेत.

आधी व्यवस्था थोडक्यात पाहू. कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टपासून ठिणगीपुरते मोठे व्होल्टेज तयार करते, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट तिचा करंट जोडून-तोडून ठिणगी पाडतात, कंडेन्सर त्या पॉइंटना जळण्यापासून जपतो आणि डिस्ट्रिब्युटर ती ठिणगी पाळीपाळीने प्लगना वाटतो. पहिला दोष किल्लीच्या स्विचमागे शोधावा. अशा स्विचला बॅटरीकडून कायम करंट आणणारे एक टोक असते, किल्ली एक घर फिरवली की जिवंत होणारे इग्निशनचे दुसरे टोक असते आणि किल्ली दाबून पुढे नेल्यावर सेल्फला करंट देणारे तिसरे टोक असते. युरोपी पद्धतीच्या स्विचवर या टोकांपाशी अनुक्रमे ३०, १५ आणि ५० हे आकडे उमटवलेले आढळतात. याखेरीज पुष्कळ स्विचना चौथेही एक टोक असते. रेडिओ, पंखा अशी वरकड उपकरणे त्यावर जोडलेली असतात, आणि सेल्फ फिरत असताना बॅटरीवरचा भार हलका व्हावा म्हणून ते टोक तेवढ्या वेळापुरते मुद्दाम बंद होते. कॉइलची वायर या चौथ्या टोकाच्या लाइनवर जोडली गेली, तर आपण वर्णन केले आहे नेमके तसेच घडते. सेल्फ फिरतो तेव्हा कॉइल मेलेली असते. आपण किल्ली सोडता, ती उडी मारून मागच्या घरात येते, फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचा, वेग अजून पुरता ओसरलेला नसतो, आणि त्या उरलेल्या एक-दोन फेऱ्यांत कॉइलला करंट मिळून इंजिन पेट घेते. वेग उरला असेल तर गाडी चालू राहते, ओसरला असेल तर बंद पडते.

याची खात्री करायला दोन माणसे आणि एक मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढावा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड एच.टी. (उच्च दाबाची) वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवून बांधावे, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही आणि कॉइललाही इजा पोचणार नाही. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक कॉइलच्या पॉझिटिव्हवर आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरावे. किल्ली पहिल्या घरात असताना बारा व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. आता दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून आकड्यावरून नजर हलवू नये. बॅटरी चांगली असेल तर तो साडेनऊ-दहाच्या खाली उतरत नाही. आपल्या गाडीत तो सरळ शून्यावर येईल असा माझा अंदाज आहे. तसे झाले, तर कॉइलची वायर त्या लाइनवरून सोडवून दोन्ही घरांत जिवंत राहणाऱ्या इग्निशनच्या टोकावर न्यावी. इग्निशनचे ते टोकच सेल्फ मारताना मरत असेल, तरच स्विच बदलण्याचा सल्ला खरा ठरतो. ज्यांनी वायर जोडली त्यांना मी फार दोष देणार नाही, कारण डॅशबोर्डखाली उलटे झोपून टॉर्चच्या उजेडात काम करताना किल्लीवर पेटणारी पहिली वायर हाती लागली की ती पुरेशी वाटते.

येथे मीटरची एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटलेल्या असल्या, तरी उरलेल्या एका तारेवरून मीटर बारा व्होल्ट बिनदिक्कत दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घेऊन त्याला दोन वायरी जोडाव्यात आणि त्याच जागी तो लावून पाहावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, त्यामुळे वायरीच्या टोकाची कुजलेली लग, सैल थिंबल (दाबून बसवायची धातूची टोपी) किंवा पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा वाटेत असेल, तर तो पिवळट, मरगळलेला पेटतो. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळून असे सांधे उघडे पडतात. तिथे थिंबल दाबून वर स्लीव्ह चढवणे हाच टिकाऊ उपाय आहे. वायर दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नये.

आता तापणाऱ्या कॉइलकडे वळू. पॉइंटवर चालणाऱ्या बारा व्होल्टच्या कॉइल दोन जातींच्या असतात. एका जातीच्या आतल्या प्राथमिक गुंडाळीचा रोध सुमारे तीन ओहम असतो आणि ती किल्लीच्या लाइनवर थेट चालते. दुसऱ्या जातीचा रोध सुमारे दीड ओहमच असतो आणि उरलेला दीड ओहम बाहेर बसवलेल्या बॅलास्ट रेझिस्टरने पुरवायचा असतो. हा रेझिस्टर म्हणजे चिनी मातीची एक बोटभर लांबीची पांढरी कांडी, किंवा काही गाड्यांत खास रोध असलेली एक लांब वायर. दुसऱ्या इंजिनाबरोबर आलेली किंवा दुकानातून ‘बारा व्होल्टची द्या’ एवढेच सांगून आणलेली कॉइल या दुसऱ्या जातीची निघाली आणि पद्मिनीच्या थेट लाइनवर जोडली गेली, की तीन ओहमच्या जागी दीडच ओहम उरतो. चालू गाडीत वायरिंगवर साधारण १३.८ व्होल्ट असतात. पॉइंट मिटलेले असताना तीन ओहममधून जास्तीत जास्त ४.६ अँपिअर जातील, तर दीड ओहममधून ९.२. एवढा करंट तोडण्यासाठी ते इवलेसे पॉइंट घडवलेलेच नसतात. ते निळे पडतात, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ येते, आणि दोष मात्र बिचाऱ्या कंडेन्सरवर ढकलला जातो. इंजिन बंद ठेवून किल्ली तशीच चालू राहिली आणि पॉइंट नेमके मिटलेले असले, तर त्या कॉइलमध्ये शंभर वॅटच्या आसपास उष्णता सतत तयार होत राहते. गाणी ऐकण्यासाठी किल्ली चालू ठेवण्याची सवय अशा गाडीत कॉइलच्या जिवावर बेतते.

मोजमाप सोपे आहे, पण ते काळजीने करावे लागते. कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी सोडवाव्यात, मीटर २०० ओहमच्या घरात ठेवावा आणि आधी त्याची दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून घ्यावा. स्वस्त मीटरच्या वायरींचाच रोध ०.३ ते ०.५ ओहम भरतो; तो वजा केला नाही तर दीड ओहमची कॉइल दोनची वाटते आणि सगळे निदान घसरते. वजाबाकीनंतर दीडच्या जवळ आकडा आला, तर आपल्यापुढे दोन मार्ग आहेत : दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर लावणे, किंवा कॉइल बदलून तीन ओहमची घेणे.

माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. बॅलास्टची योजना मुळात कडाक्याच्या थंडीतल्या गाड्यांसाठी केलेली आहे. गोठलेल्या तेलात सेल्फ फिरवताना बॅटरीचे व्होल्टेज खाली येते, म्हणून तेवढ्या वेळापुरता रेझिस्टर टाळून कॉइलला बॅटरीचा पूर्ण करंट द्यायचा आणि इंजिन चालू झाले की पुन्हा रेझिस्टरमधून द्यायचा, अशी ती युक्ती आहे. पुण्याची डिसेंबरातली पहाट गार असली तरी धडधाकट बॅटरीला ती जड जात नाही, आणि वायरिंगमध्ये जितके सांधे कमी तितके बरे. तरीही आपल्याला बॅलास्ट ठेवायचाच असेल, तर सेल्फ मारताना रेझिस्टर टाळणारी वायर हवी. सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या खटक्यावर, त्यासाठी वेगळे छोटे टोक असेल तर ते वापरावे. ते नसेल, तर किल्लीच्या ५० क्रमांकाच्या टोकावरून कॉइलला थेट वायर मुळीच नेऊ नये, कारण किल्ली सोडल्यावर कॉइलकडचा करंट त्याच वायरीने उलटा सोलेनॉइडमध्ये शिरतो आणि सेल्फ सुटण्याऐवजी फ्लायव्हीलला चिकटून राहण्याचा धोका निर्माण होतो. त्याऐवजी एक साधा चार टोकांचा रिले (करंटने चालणारा स्विच) लावावा : ८६ वर सेल्फची वायर, ८५ ला अर्थ (बॉडीची जोडणी), ३० वर फ्यूजमधून बॅटरी आणि ८७ वरून कॉइलचा पॉझिटिव्ह.

हे सर्व झाल्यावर पॉइंट एकदाच, शेवटचे म्हणून, नवे घालावेत आणि ते उघडतात तेव्हाची फट ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. जळलेल्या पॉइंटवर नवी कॉइल बसवून काहीही कळत नाही. जुने दोन्ही कंडेन्सर टाकू नका, बहुधा ते निर्दोष आहेत.

प्रश्न : इंजिन बदलल्यापासून सेल्फ जड फिरतो आणि चोकचा खटका हाताला गरम लागतो. काल तर चोकच्या केबलचे वरचे प्लास्टिक वितळलेले दिसले. बॅटरी नवी आहे. (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : गाडी याच क्षणी वापरायची थांबवावी, कारण हा प्रकार आगीपर्यंत जाऊ शकतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन व बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. इंजिन उतरवताना ती सोडलेली असते आणि नवे इंजिन चढवताना ती लावायला जागाच सापडत नाही, किंवा ती जुन्या नटबोल्टांबरोबर डब्यात पडून राहते. सेल्फला शंभर अँपिअरहून अधिक करंट लागतो. पट्टी नसली की तो परतीची दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी उरलेली धातूची वस्तू म्हणजे चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल, क्लचची केबल. त्या बिचाऱ्या तारा हीटरच्या कॉइलसारख्या तापतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीत हेच घडले होते. ज्या गॅरेजने काम केले त्यांनी बॅटरी दोनदा बदलायला लावली, आणि बोनेटखाली वाकल्यावर मला आधी वास आला, मग त्या केबलमधून उठणारी धुराची बारीक रेघ दिसली. ती रेघ आजही डोळ्यांपुढे आहे, म्हणून एवढ्या आवर्जून लिहितो.

खात्री करण्यासाठी मीटरचे एक टोक इंजिनच्या उघड्या धातूवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवावे. क्लॅम्पवर ठेवू नये, कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यातला गंज मग मोजला जात नाही. कोणाला तरी दोन-तीन सेकंदच सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आपल्या गाडीत तो कित्येक पटींनी अधिक निघेल. नवी पट्टी किंवा २५ चौरस मिलिमीटरची केबल घेऊन, दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. तापलेल्या केबल बदलून टाकाव्यात. आतली तार एकदा लाल होऊन गेली की तिचा ताण गेलेला असतो आणि ती कधीही अडकते. प्लगच्या ठिणगीचा परतीचा रस्ताही याच अर्थवरून जातो, म्हणून इंजिन मिसिंग करत असेल तर तेही बहुधा यानेच थांबेल.

प्रश्न : माझ्या जुन्या ॲम्बॅसेडरमध्ये इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले असून डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आहे. गाडी सुरेख चालते, परंतु किल्ली बंद करून हातात घेतली तरी इंजिन चालूच राहते! गिअर टाकून क्लच सोडून ते बंद पाडावे लागते. चार्जिंगचा लाल दिवा कधीच पेटत नाही, पण बॅटरी चार्ज होते. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : किल्ली काढल्यावर इंजिन अडखळत, ठोके देत चार-पाच सेकंद ओढत राहिले असते, तर मी सिलिंडरातला कार्बन आणि उष्णता यांकडे बोट दाखवले असते. आपले इंजिन एकसारखे, शांतपणे चालू राहते. याचा अर्थ कॉइलला कुठून तरी रीतसर करंट मिळतो आहे. आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य त्याचा पत्ता सांगते.

चार्जिंगचा दिवा नुसता सूचना देणारा नसतो. त्याचे एक टोक किल्लीच्या इग्निशन लाइनवर आणि दुसरे अल्टरनेटरच्या छोट्या टोकावर असते. किल्ली चालू केल्यावर या दिव्यातून जाणारा किंचित करंट अल्टरनेटरला जागे करतो. अल्टरनेटर चार्ज करू लागला की दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्टेज होते आणि दिवा विझतो. आता किल्ली बंद केली की इग्निशनची बाजू मरते, पण फिरणाऱ्या अल्टरनेटरची बाजू चौदा व्होल्टवर जिवंतच असते आणि करंट उलटा वाहू पाहतो. मध्ये दोन-तीन वॅटचा बल्ब असेल तर त्यातून पाव अँपिअरही जात नाही आणि पॉइंटच्या कॉइलचे त्यावर भागत नाही. डायनामोचा जुना रेग्युलेटर डबा काढताना कोणी बल्ब टाळून दोन्ही वायरी एकत्र पिळल्या असतील, तर मात्र अल्टरनेटर कॉइलला हवा तेवढा करंट पुरवतो. दिवा कधीच न पेटण्याचे कारणही तेच.

किल्ली बंद, इंजिन चालू अशा स्थितीत अल्टरनेटरवरचे बारीक वायरीचे छोटे सॉकेट ओढून काढावे. इंजिन तत्काळ थांबले, तर निदान पक्के झाले. हे करताना अल्टरनेटरची जाड वायर चालू इंजिनावर चुकूनही सोडवू नये; त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज आतले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जाळते. दुरुस्ती म्हणजे पिळलेल्या वायरी सोडवून मध्ये बारा व्होल्ट, २.२ वॅटचा बल्ब बसवणे, एवढीच आहे. पुढे कधी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आणि हीच खोड परत दिसली, तर बल्बच्या वायरीत एक डायोड घालावा. १एन४००७ क्रमांकाचा डायोड बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किरकोळ किमतीला मिळतो. त्यावरची रुपेरी रेघ अल्टरनेटरच्या बाजूला यायला हवी. तोवर गिअर टाकून इंजिन बंद पाडण्याचा प्रकार मात्र थांबवा, नव्या माउंटिंगना ते झटके सोसत नाहीत.

प्रश्न : आजोबांची १९६९ ची फियाट ११०० आहे. तिच्यात वेगळे इंजिन बसवून मग तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल का? (एक वाचिका, सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी व्हिंटेज ठरू शकते, परंतु ती मूळ रूपात असावी लागते आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. नेहमीच्या नोंदणीवर गाडी ठेवायची असली, तरी मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ लागू होतेच, म्हणून इंजिन उतरवण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. मी तर असे सुचवेन की तुमचे मूळ इंजिनच दुरुस्त करावे. आणि ते उतरवावेच लागले, तर सिलिंडरांत तेल सोडून, तोंडे बंद करून, घरात कोरड्या जागी जपून ठेवावे.

प्रश्न : बदललेल्या इंजिनाला ठिणगी जोरदार येते, पेट्रोलही येते, पण सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात. प्लगच्या वायरी जुन्या इंजिनावर होत्या तशाच लावल्या आहेत. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : ‘तशाच लावल्या आहेत’ हेच तपासायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनांचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो, त्यामुळे दोन्ही इंजिने सारखीच आहेत असे वाटते. परंतु रोटर, म्हणजे कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा, एका इंजिनात घड्याळाच्या दिशेने आणि दुसऱ्यात उलटा फिरू शकतो, आणि कॅपवरचे पहिल्या सिलिंडरचे घरही वेगळ्या जागी असते. कॅप काढून सेल्फ क्षणभर मारावा आणि रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते डोळ्यांनी पाहावे.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबून ठेवावा आणि इंजिन हाताने, पुलीच्या नटाला पाना लावून, सावकाश फिरवावे. पुलीवरची खूण शून्यावर दोन फेऱ्यांत दोनदा येते. हवा अंगठ्याला ढकलून बाहेर पडते तीच खेप खरी. टॅपेट कव्हर उघडे असेल तर आणखी एक खूण मिळते : पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो तेव्हा चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झोका घेत असतात, एक मिटतो आणि दुसरा उघडू लागतो. या स्थितीत रोटर ज्या घराकडे पाहतो ते पहिल्या सिलिंडरचे, आणि तिथून रोटरच्याच दिशेने ३, ४, २ अशा वायरी लावाव्यात. रोटर बरोबर उलट्या बाजूला पाहत असेल, तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसला आहे. तो उतरवण्याऐवजी १ आणि ४ यांच्या, तसेच ३ आणि २ यांच्या वायरींची अदलाबदल केली तरी काम भागते.

उभ्या गाडीवरचे टायमिंग लावण्यासाठी कॉइलच्या निगेटिव्ह टोकापासून अर्थपर्यंत एक बल्ब जोडावा आणि किल्ली चालू करून इंजिन हाताने त्याच्या दिशेने फिरवावे. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. त्या वेळी पुलीची खूण किती अंशांवर असावी हे नव्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावे, गाडीच्या पुस्तकातून नव्हे.

प्रश्न : इंजिन बदललेली माझी पद्मिनी शहरात उत्तम चालते, पण साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढू लागले की ॲक्सिलरेटर कमी-जास्त करताना झटके मारते आणि कधी एकदम बंद पडते. गॅरेजमध्ये उभी असताना दोष सापडत नाही. सगळे पेट्रोल तापल्याचे सांगतात. (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : पेट्रोल तापून पाइपात वाफ धरणे हे घाटातले कारण खरेच असू शकते, परंतु त्यात गाडी हळूहळू दम सोडते आणि थांबून गार झाल्याशिवाय उठत नाही. ॲक्सिलरेटर कमी-जास्त करण्याच्या नेमक्या क्षणी बसणारा झटका मला वेगळ्या ठिकाणी नेतो. पुढच्या वेळी बंद पडल्यावर, काहीही थंड होऊ न देता, एक प्लग काढून इंजिनला टेकवावा आणि ठिणगी पाहावी. ती नसेल तर पेट्रोलचा विचार सोडून द्यावा.

डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटची ताटली व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या हवा ओढण्याच्या) ओढीने सतत थोडी-थोडी फिरत असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलला की ती हलते. बाहेरच्या टोकापासून पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर वायर त्या ताटलीबरोबर दिवसभर वाकत राहते, आणि दुसऱ्या इंजिनाबरोबर आलेला, कित्येक वर्षे भंगारात पडून राहिलेला डिस्ट्रिब्युटर असेल तर तिचे आवरण कडक होऊन आतल्या तारा तुटलेल्या असतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते. आत तुटलेली टोके एकमेकांना टेकून असतात, आणि घाटात ताटली हलली की ती सुटतात. ताटलीला अर्थ देणारी छोटी वेणीदार वायर असते, तिचीही हीच गत होते.

कॅप काढावी, पॉइंटमध्ये जाड कागद सरकवून ते उघडे ठेवावेत आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टोकावरची कॉइलकडची वायर सोडवावी. मीटर आवाज देणाऱ्या घरात ठेवून एक टोक त्या बाहेरच्या टोकाला आणि दुसरे पॉइंटच्या पट्टीला लावावे. आता व्हॅक्यूमची रबरी नळी कार्ब्युरेटरवरून काढून तोंडाने ओढावी आणि सोडावी. ताटली पुढेमागे होताना आवाज एका क्षणासाठी जरी खंडित झाला, तरी दोष सापडला. मग मीटरचे एक टोक ताटलीवर आणि दुसरे डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर लावून अर्थचीही अशीच परीक्षा घ्यावी. नवी वायर अनेक बारीक तारांची, मऊ आवरणाची घ्यावी, थोडी सैल ठेवावी आणि ती फिरत्या कॅमला घासत नाही हे इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहावे. घरातल्या वायरिंगची जाड तारेची वायर तिथे घातली, तर त्याच घाटात पुन्हा थांबावे लागेल.